मोहम्मद अब्बासची हरवलेली आठ वर्षं

प्रश्न असा आला आहे : "पाकिस्तानच्या मोहम्मद अब्बासची आकडेवारी बघत होतो. प्रथम श्रेणीत पदार्पण २००९ मध्ये आणि पहिली कसोटी थेट २०१७ मध्ये. एवढा चांगला गोलंदाज मधली आठ वर्षं काय करत होता? की पाकिस्तानात स्थानिक क्रिकेटकडे कुणी बघतच नाही?"

बघतात. पण आकडेवारीच्या पानावर एक रकाना कधीच नसतो, तो म्हणजे त्या हंगामात या माणसाला पगार कोण देत होतं. पाकिस्तानी खेळाडूची सुरुवातीची पाच-सात वर्षं समजून घ्यायची तर आधी तो रकाना भरावा लागतो. मी मुंबईत टाइम्स शील्डमध्ये ऑफिसच्या संघाकडून बरीच वर्षं चेंडू टाकले, आता मुलांना मध्यमगती गोलंदाजी शिकवतो, आणि कायदे आझम ट्रॉफीचे, म्हणजे पाकिस्तानच्या रणजीचे, धावफलक वाचायची खोड जुनी आहे. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

अब्बासचा जन्म १० मार्च १९९० चा, सियालकोट जिल्ह्यात, संब्रियालजवळच्या एका खेड्यातला. सियालकोट म्हणजे फुटबॉल, हॉकी स्टिक, शस्त्रक्रियेची अवजारं आणि चामड्याचा माल बनवून जगभर पाठवणारं गाव. क्रिकेटचे चेंडूही तिथेच शिवले जातात. आपल्याकडच्या वाचकांना हे शहर वेगळ्या कारणानं आठवत असेल. डिसेंबर १९८९ मध्ये तिथल्या जिना स्टेडियमवर वकार युनूसचा चेंडू सोळा वर्षांच्या सचिनच्या नाकावर बसला, रक्त आलं, तरी तो उभा राहिला आणि ५७ करून गेला. त्यानंतर तीनेक महिन्यांनी त्याच जिल्ह्यात अब्बास जन्मला. सचिनला ज्या जातीची खेळपट्टी त्या सामन्यात मिळाली, हिरवी आणि सकाळी ओलसर, तशीच पुढे अब्बासची शाळा झाली.

सियालकोटात कामाला तोटा नाही, पण ते हातानं करायचं काम. अब्बास चामड्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. नंतर वकिलाच्या कचेरीत मदतनीस म्हणून राहिला, कोर्टातल्या कागदपत्रांची धावपळ केली. हे सगळं त्यानं स्वतः मुलाखतींतून सांगितलेलं आहे. अर्ध्याहून जास्त दिवस कामात आणि उरलेला मैदानात, असा त्याचा विशीचा काळ गेला. त्याच वयात मुंबईतला मुलगा काय करत असतो? जाइल्स शील्ड, मग हॅरिस शील्ड, पावसाळ्यात कांगा लीग, कॉलेज, आणि बरा खेळत असेल तर एखाद्या कंपनीची नजर. पाकिस्तानात शालेय क्रिकेटची अशी भक्कम पायरी नाही. तिथे मुलगा गल्लीत टेनिसच्या चेंडूला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळून खेळतो. त्याला ते टेप बॉल म्हणतात, रमजानच्या रात्री त्याच्या स्पर्धा पहाटेपर्यंत चालतात, आणि यॉर्कर टाकायची सवय तिथेच लागते. पुढे क्लब, मग जिल्ह्याच्या ट्रायल, मग एकोणीस वर्षांखालचा विभागीय संघ किंवा ते ज्याला ग्रेड टू म्हणतात ती खालच्या पातळीची स्पर्धा, आणि तिथून प्रथम श्रेणी.

पण प्रथम श्रेणीत उतरला म्हणजे पोरगा मार्गी लागला असं तिथे होत नाही. प्रथम श्रेणीचे संघ दोन जातींचे असत. एक विभागाचे, त्यांच्या भाषेत रीजन : लाहोर, कराची, सियालकोट, रावळपिंडी, पेशावर वगैरे. दुसरे डिपार्टमेंटचे, म्हणजे बँका, सरकारी महामंडळं आणि कंपन्यांचे. रीजनकडून खेळलात तर सामन्याचं मानधन आणि रोजचा भत्ता. हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. त्यातही अकरात असाल तर. उरलेल्या सात-आठ महिन्यांचं तुम्ही बघा. डिपार्टमेंटमध्ये मात्र नोकरी. महिन्याचा पगार, औषधपाणी, बढती, आणि खेळ संपल्यावर ऑफिसात टेबल. तिथला तरुण खेळाडू 'सिलेक्शन झालं' म्हणतो तेव्हा आधी विचारून घ्यावं की संघात की नोकरीत.

ही पद्धत वाढवली अब्दुल हफीझ कारदार यांनी. पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार, १९७२ ते १९७७ बोर्डाचे अध्यक्ष. बँका आणि महामंडळांनी खेळाडू नोकरीला ठेवावेत, संघ उभे करावेत असा त्यांनी आग्रह धरला. डिपार्टमेंटचे संघ त्याआधीही होते. रेल्वेचा तर प्रसिद्धच आहे. १९६४ साली लाहोरला डेरा इस्माईल खानविरुद्ध रेल्वेनं ६ बाद ९१० वर डाव सोडला आणि समोरच्यांना ३२ आणि २७ मध्ये गुंडाळलं. एक डाव आणि ८५१ धावा! प्रथम श्रेणीतला हा सगळ्यात मोठा विजय अजून टिकून आहे, आणि ज्यांना पगार मिळतो ते आणि ज्यांना मिळत नाही ते एका मैदानात आले की काय होतं याचा पुरावाही. कारदारांच्या काळापासून मात्र हे सर्रास झालं. इम्रान खान आणि वसीम अक्रम पीआयए या सरकारी विमान कंपनीचे, मियांदाद हबीब बँकेचा, वकार युनायटेड बँकेचा.

मुंबईकराला यात नवल वाटू नये. पॉली उम्रीगर आणि बापू नाडकर्णी एसीसी या सिमेंट कंपनीत होते, वाडेकर स्टेट बँकेत. टाइम्स शील्डचा सगळा डोलारा त्यावरच उभा होता, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांचं घर ऑफिसच्या क्रिकेटनं चालवलं. फरक एवढाच की आपल्याकडे ऑफिसचा संघ शहरापुरता राहिला. मोठं क्रिकेट मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ या नावांनीच झालं, रेल्वे आणि सेनादल एवढेच काय ते अपवाद. तिकडे ऑफिसच प्रथम श्रेणीचा सामना खेळायचं. मला विचाराल तर खेळाडूच्या दृष्टीनं ती पद्धत आपल्यापेक्षा जास्त माणुसकीची होती. प्रेक्षकाच्या दृष्टीनं अगदीच रुक्ष. सुई नॉर्दर्न गॅस विरुद्ध वॉटर अँड पॉवर हा सामना बघायला सुट्टी काढून कोण जाणार? रिकाम्या मैदानात उत्तम गोलंदाजी पडत राहायची.

आता तुमच्या आठ वर्षांकडे येतो. मध्ये जे खंड दिसतात, एका हंगामात बरेच सामने आणि दुसऱ्यात मोजके, त्याचं कारण पुष्कळदा खेळाडूत नसतंच, स्पर्धेच्या रचनेत असतं. पाकिस्तानात ही रचना इतक्या वेळा बदलली आहे की मी त्याचा हिशोब ठेवणं सोडून दिलं. तरी मुद्दा समजून घ्या. २०१२-१३ आणि २०१३-१४ मध्ये कायदे आझम ट्रॉफी फक्त रीजनची होती आणि डिपार्टमेंटसाठी वेगळी प्रेसिडेंट्स ट्रॉफी. अशा वर्षी बँकेत नोकरी करणारा जुना खेळाडू ऑफिसचे सामने खेळून आपल्या शहराच्या संघातही परततो, आणि रीजनच्या अकरातला नवा पोरगा बाहेर बसतो. २०१४-१५ पासून दोन्ही जाती एकाच स्पर्धेत आल्या. मग नोकरीवाले सगळे ऑफिसकडे गेले, रीजनच्या संघात जागा मोकळ्या झाल्या, आणि नोकरी नसलेल्या पोरांना सलग सामने मिळाले. मात्र समोर डिपार्टमेंटचे पगारी, अनुभवी फलंदाज. एकाच मुलाच्या दोन हंगामांची सरासरी शेजारी ठेवून 'सुधारला' किंवा 'घसरला' म्हणणं म्हणून धोक्याचं आहे. स्पर्धा तीच आहे का, हे आधी पाहायचं.

अब्बास बरीच वर्षं या रीजनच्या बाजूला अडकलेला होता. वेगवान गोलंदाजाला त्या बाजूला राहणं फलंदाजापेक्षा महाग पडतं. फलंदाज बॅट उचलून सहा महिन्यांनी पुन्हा उभा राहू शकतो. गोलंदाजाला खाणं, विश्रांती, खांदा आणि कंबर यांची रोज निगा लागते. दिवसभर वेल्डिंगची काडी धरून संध्याकाळी नेटमध्ये वीस षटकं टाकणारा मुलगा वेग वाढवू शकत नाही. अब्बासचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास राहिला, त्यामागे थोडंफार हेही असावं. हा माझा अंदाज, पण शिकवणाऱ्याचा अंदाज आहे.

त्याचं आयुष्य बदललं ते केआरएलमध्ये. हे केआरएल म्हणजे खान रिसर्च लॅबोरेटरीज, डॉ. अब्दुल कदीर खान यांच्या नावाची, युरेनियम समृद्ध करणारी प्रयोगशाळा. अणुबॉम्बच्या कारखान्याला प्रथम श्रेणीचा क्रिकेट संघ! शोएब अख्तर आणि सईद अजमल इथलेच. २०१५-१६ च्या कायदे आझम ट्रॉफीत अब्बासनं केआरएलकडून ६१ बळी घेतले, स्पर्धेत सगळ्यात जास्त. पुढच्या वर्षी तो सुई नॉर्दर्न गॅसकडे गेला आणि ७१ घेतले, पुन्हा सगळ्यात जास्त, सरासरी १२.७५. म्हणजे दोन वर्षं, दोन वेगळी ऑफिसं आणि दोन्हीकडे तोच पहिला. ज्याला सात वर्षं कुणी ओळखत नव्हतं तो पगार सुरू झाल्यावर दोन हंगामांत देशातला सगळ्यात यशस्वी गोलंदाज झाला. हे निव्वळ योगायोगानं घडलं असं मला वाटत नाही.

तरीही १२.७५ या आकड्यापाशी थांबायला हवं, कारण निवड समितीही तिथेच थांबते. पाकिस्तानातल्या त्या हंगामांत मध्यमगती गोलंदाजाची सरासरी विशीच्या आत असणं ही फार मोठी बातमी नव्हती. पंजाबात नोव्हेंबर-डिसेंबरची सकाळ, दव, धुकं, उशिरा सुरू होणारा खेळ, गवत राखलेली खेळपट्टी. यजमान संघ मुद्दाम हिरवी पट्टी करायचे, इतकी की २०१९-२० मध्ये बोर्डानं नियमच आणला : पाहुण्या संघाला हवं असेल तर नाणेफेक न करता आधी गोलंदाजी घ्यावी. चेंडूही हंगामागणिक बदलत आला, कधी सियालकोटचा ग्रेज, कधी इंग्लंडचा ड्यूक, कधी ऑस्ट्रेलियाचा कूकाबुरा. असल्या हवेत ताशी १२५ नं चेंडू नुसता शिवणीवर टाकणाऱ्यालाही बळी मिळतात आणि तो दुबईच्या पाटा खेळपट्टीवर उघडा पडतो. निवडकर्त्यांचा संशय अगदीच चुकीचा नव्हता.

मग अब्बास त्या गर्दीतून वेगळा कसा ओळखायचा? मी बळींच्या प्रकाराकडे बघतो. हिरव्या पट्टीवरचा साधा गोलंदाज चेंडू खूप हलवतो आणि त्याचे बळी यष्टीमागे, स्लिपमध्ये जातात. फलंदाज चुकला तर त्याला यश. अब्बास चेंडू हलवायचा तो अर्ध्या बॅटच्या रुंदीइतका, आणि टप्पा इतका पुढे की सोडून द्यायची सोय नाही. यष्टीला खेटून धावत येतो, मनगट सरळ, शिवण उभी, रोख यष्टीवर. त्यामुळे पायचीत आणि त्रिफळाचीत भरपूर. ही गोलंदाजी हवेवर किंवा गवतावर फार अवलंबून नसते. ऑक्टोबर २०१८ मध्ये अबू धाबीच्या रखरखीत मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं सामन्यात ९५ धावांत १० बळी घेतले, त्या मालिकेतल्या दोन कसोटींत मिळून १७. तेव्हा लोक म्हणाले, हा कुठून आला? स्थानिक क्रिकेटमध्ये तो जे करत होता तेच तिथे करत होता. माझ्याकडची मुलं वेगाच्या मापाकडे बघून खट्टू होतात तेव्हा त्यांना मी त्या मालिकेतले त्याचे पायचीत दाखवतो.

वेग असता तर वाट किती छोटी झाली असती, हे बघायला त्याच केआरएलचा एक धावफलक पुरे. सप्टेंबर २०१७ मध्ये शाहीन आफ्रिदीनं प्रथम श्रेणी पदार्पणात रावळपिंडीविरुद्ध ३९ धावांत ८ बळी घेतले. डिसेंबर २०१८ मध्ये तो कसोटी खेळला. सव्वा वर्ष! नसीम शाहचंही जवळपास तेवढ्याच वेळात झालं. लोअर दीरहून लाहोरला आलेला हा पोरगा २०१८ मध्ये कृषी बँकेच्या, म्हणजे झेडटीबीएलच्या संघाकडून पहिला सामना खेळला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रिस्बेनला सोळाव्या वर्षी कसोटीत उतरला. पाकिस्तानात ताशी १४५ नं टाकणाऱ्याची सरासरी कुणी विचारत नाही. १३० नं टाकणाऱ्यालाच बळी मोजून दाखवावे लागतात.

आणि मोजूनही पुरत नाहीत. कराचीचा ताबिश खान २००२-०३ च्या हंगामात प्रथम श्रेणीत आला. वर्षानुवर्षं ढिगानं बळी घेत राहिला. मे २०२१ मध्ये हरारेला त्याला कसोटीची टोपी मिळाली तेव्हा वय ३६ आणि नावावर ५९८ प्रथम श्रेणी बळी. पहिल्याच षटकात एक बळी मिळाला. त्यानंतर पुन्हा कसोटी नाही. मुंबईकराला ५९८ म्हटल्यावर ५८९ आठवणारच : पद्माकर शिवलकर, आणि त्यांना तर टोपीही नाही. पण पॅडीच्या, म्हणजे शिवलकरांच्या, वाटेत त्यांच्यासारखाच डावखुरा फिरकी गोलंदाज बेदी उभा होता. ताबिशच्या वाटेत असा एक कुणी माणूस नव्हता. त्याची वाट अडली ती वेगाच्या आवडीमुळे, आणि दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या निवड समित्यांमुळे, असं माझं मत.

अब्बासच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जमून आली, आणि तिचा उल्लेख फार होत नाही. तो ज्या सुई नॉर्दर्नकडे गेला त्या संघाचं नेतृत्व वर्षानुवर्षं मिस्बाह उल हकनं केलेलं. मिस्बाह स्वतः उशिरा आलेला. मियांवालीचा, एमबीए केलेला, चोविसाव्या वर्षी प्रथम श्रेणीत, आणि कसोटी संघात पक्का बसायला तिशी ओलांडावी लागलेला. २०१७ च्या एप्रिलमध्ये वेस्ट इंडिजला पाकिस्तानचा कसोटी कर्णधार तोच होता, निवृत्तीच्या मालिकेत. किंग्स्टनला अब्बासला टोपी मिळाली, सत्ताविसाव्या वर्षी. ओळखीनं घेतला असं मी म्हणत नाही. ७१ बळी घेणाऱ्याला ओळख लागत नाही. पण धीम्या गतीच्या, साध्या दिसणाऱ्या गोलंदाजाचं मोल कळणारा कर्णधार त्याच ऑफिसातला निघावा, हे डिपार्टमेंट पद्धतीचं एक देणं होतं. रीजनमध्येच राहिला असता तर दोघांची गाठ बहुधा विरुद्ध बाजूंनीच पडली असती. त्या मालिकेतल्या डोमिनिकाच्या कसोटीत त्यानं पहिल्या डावात ४६ धावांत ५ घेतले आणि मग प्रश्नच मिटला.

तुम्हाला दुसऱ्या एखाद्या पाकिस्तानी खेळाडूची सुरुवात तपासायची असेल तर हंगामासमोर संघाचं नाव लिहून काढा. शहराचं नाव जाऊन कंपनीचं कुठल्या वर्षी आलं ते बघा, आणि त्याआधीच्या आकड्यांना थोडी सूट द्या. फलंदाज असेल तर उलट हिशोब : नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पंजाबातल्या मैदानांवर केलेल्या चाळीस धावाही वजनदार धरा. कराचीच्या पट्ट्या पुष्कळदा सपाट असतात, तिथल्या शतकांकडे जरा सावधपणे बघा.

हा उपाय २०१९ पर्यंतच्या खेळाडूंना लागू पडतो. त्या वर्षी इम्रान खान पंतप्रधान असताना डिपार्टमेंटचे संघ बंद केले गेले. ऑस्ट्रेलियाच्या सहा राज्यांसारखे सहा प्रांतिक संघ केले, त्यात प्रत्येकी ३२ असे १९२ करारबद्ध खेळाडू. बाकीच्यांचे पगार गेले. शेकडो जण एका फटक्यात बेकार झाले, कुणी गाडी चालवायला लागला, कुणी परदेशात क्लब क्रिकेट शोधलं. इम्रानचं म्हणणं, थोडे संघ म्हणजे चुरस जास्त, हे क्रिकेट म्हणून चुकीचं नव्हतं. पण स्वतः पीआयएच्या पगारावर खेळलेल्या माणसानं ते करावं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. २०२२ च्या डिसेंबरात बोर्ड बदललं, २०२३-२४ पासून रीजनचे जुने संघ आणि डिपार्टमेंटची प्रेसिडेंट्स ट्रॉफी दोन्ही परत आली. सुई नॉर्दर्न, वॉटर अँड पॉवर, पाकिस्तान टेलिव्हिजन हे संघ पुन्हा दिसायला लागले. हबीब बँक, युनायटेड बँक काही परतल्या नाहीत, आणि परतलेल्यांपैकी किती जण पूर्वीसारखी कायमची नोकरी देतात आणि किती जण हंगामापुरता करार करतात, हे प्रत्येक ऑफिसावर अवलंबून आहे. सियालकोटच्या एखाद्या कारखान्यातून आज कुणी ट्रायलला येत असेल तर त्याची आठ वर्षं पाच होतील की बारा, ते त्या करारावर ठरेल.